उजव्या इंजिनाचे दोन खटके

प्रिय कॅप्टन,

ही हाक वाचून हसू नकोस. ‘प्रिय सूनबाई’ असं लिहून दोन कागद फाडले, कारण ते आता खरं नाही, आणि नुसतं नाव लिहायचं तर मी तुला कधी नावाने हाकच मारली नाही. विमानं उडवायच्या मैदानावर सगळे तुला कॅप्टन म्हणायचे. ते काही कोर्टाने काढून घेतलेलं नाही, तेव्हा तेच बरं. सहा वर्षांनी पत्र लिहितोय, तर आधी चार ओळी ख्यालीखुशालीच्या लिहाव्यात एवढी रीत मलाही कळते, पण मला दम निघत नाही. लागली! दोन्ही इंजिनं एकदम लागली! गेल्या बुधवारी सकाळी, एका सुरात, अकरा मिनिटं चालली, आणि टाकीतलं तेल संपलं म्हणून थांबली, रुसून नाही. मी मागच्या अंगणात एकटाच टाळ्या वाजवत उभा होतो. हातभर इंजिनाच्या तेलातलं एरंडेल, चष्म्यावर एरंडेल, आणि बाहत्तर वर्षांचा माणूस उड्या मारतोय हे बघून ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, की पडलात तर उचलायला मी येणार नाही, परस्पर डॉक्टरांना बोलवीन.

तर हो, आपलं ते दोन इंजिनांचं विमान मी पुन्हा बांधलंय. तेच, रिमोटवर उडणारं, सहा फूट पंखांचं, तुझ्याच नकाशावरून. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पहिल्यांदा उडणार आहे, आणि मला ते तुझ्या हातून उडायला हवंय. हे पहिल्याच पानावर सांगून टाकतो, नाहीतर माझं काय होतं तुला ठाऊक आहे, मी स्क्रूपासून सुरुवात करतो आणि मुद्द्यापर्यंत पोचेस्तोवर ऐकणारा पेंगायला लागलेला असतो. यायचं की नाही ते मात्र पत्र पुरतं वाचून झाल्यावर ठरव, आधी नको. पुढे काही गोष्टी अशा आहेत की त्या लिहिताना मला जड जाणार आहे. म्हणून आधी मजेच्या लिहून घेतो.

पहिली मजा म्हणजे कारखाना कुठे थाटलाय. तुमच्या खोलीत. वर्षभर ती खोली बंदच होती. ही आठवड्यातून एकदा झाडून यायची आणि दार ओढून घ्यायची. मग एके दिवशी तीच म्हणाली, की एवढी उजेडाची खोली रिकामी पडलीय आणि तुम्ही आपले जिन्याखाली वाकून वाकून कंबर मोडून घेताय. पलंग आमचे चिरंजीव नव्या घरी घेऊन गेले होते. तुझं नकाशे काढायचं मोठं टेबल तेवढं राहिलं होतं, ते टेम्पोत मावलं नव्हतं. त्याच्या खालच्या खणात विमानाचा नकाशा सापडला, गुंडाळून, वर रबर लावून ठेवलेला. पंखाच्या मधोमध तुझ्या त्या मुंगीसारख्या अक्षरात लिहिलंय, ‘मिस्त्री, इथे घाई करायची नाही.’ घरात बाबा आणि कामावर मिस्त्री, असा तुझा शिरस्ता होता. नाही केली बाई घाई. चांगली चार वर्षं लावली.

आणि चार वर्षांतले पाच महिने कशात गेले ते सांगतो, पण डोक्याला हात लावू नकोस. पंखाच्या लाकडी फासळ्या कापल्या, घासल्या, चिकटवल्या, एक पंख झाला. इतका सुबक झाला की मी त्याच्याकडेच बघत बसायचो. मग दुसरा केला. तोही तसाच सुबक. आणि जोडायला घेतले तेव्हा कळलं, की मी दोन्ही पंख डावेच केलेत. टेबलावर नकाशा उलटा करायचा राहिला होता. ही येऊन बघून गेली आणि जाता जाता म्हणाली, आता दोन उजवे करा, म्हणजे विमानं दोन होतील. ही गोष्ट मैदानावर कुणाला कळू द्यायची नाही असं मी तिला बजावलं होतं, आणि पुढच्याच रविवारी दातांचा डॉक्टर मला विचारतो, काय मिस्त्री, आज किती डावे?

तो डॉक्टर तुला आठवत असेल. तू होतीस तेव्हा नवीनच आला होता, आणि पहिल्याच दिवशी त्याने विमान झाडात अडकवलं होतं. आता मैदानावर त्याच्याइतकं चांगलं कुणी उडवत नाही. माणूस मनाचा चांगला आहे, फक्त तुम्ही हसलात की तो तुमच्या दाढा बघतो. तूच ये असा माझा हट्ट नसता, तर हे विमानही त्यानेच उडवलं असतं. मी उडवण्याचा तर प्रश्नच नाही. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं उजवं होतं आणि उजवं डावं होतं, हे मला जन्मात जमलं नाही. तू शिकवून शिकवून दमलीस. मी बांधायचं आणि तू उडवायचं, ही आपली वाटणीच बरी होती.

आता इंजिनं. इंजिनं तीच आहेत, जुनी. डाव्याला तू पहिलवान म्हणायचीस, कारण ते एका झटक्यात सुरू होऊन दंड थोपटायचं. उजव्याला मास्तर, कारण ते सुरू व्हायच्या आधी दहा वेळा खाकरायचं. एकाच पेटीतून आलेली दोन इंजिनं, पण स्वभाव किती वेगळे! दोन्ही खोलली, आठवडाभर बुडवून ठेवली, जुन्या एरंडेलाचा डिंकासारखा थर खरवडून काढला. पहिलवानाला काही झालेलं नव्हतं. मास्तराचं पिस्टन आणि ते ज्यात खालीवर होतं ती नळी, दोन्ही नवीन बसवलं. ते का, हे पुढे येईल.

सुईचं थोडं सविस्तर लिहितो. तुला ते पाठच आहे, पण पत्र पोस्टात पडायच्या आधी ही माझ्या खांद्यावरून वाचणार आणि हे काय, ते काय विचारणार. तर प्रत्येक इंजिनाला तेल सोडणारी एक सुई असते. आवळली की तेल कमी जातं, इंजिन चढ्या आवाजात पळतं आणि तापतं. सैल केली की तेल जास्त जातं, आवाज जाड होतो, धूर येतो, पण डोकं थंड राहतं. फिरवताना बोटाला बारीक खटके लागतात, त्यावरून सुई किती फिरली ते कळतं. नवीन पिस्टनाला सुरुवातीला सैल सुईवरच चालवावं लागतं, म्हणून मी विमानाची शेपटी पट्ट्याने अंगणातल्या खांबाला बांधली आणि मास्तराला एकट्याला चार टाक्या चालवलं. त्या चार टाक्यांत हिच्या दोन चादरी आणि एक उशीचा अभ्रा गेला. वारा कुठून आहे हे मी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी जेवायला मिळालं हेच नशीब.

मग दोघांना वेगवेगळं चालवून कोण किती पळतो ते यंत्राने मोजलं. पंख्यासमोर धरलं की मिनिटाला किती फेरे ते आकडा दाखवणारं यंत्र, आपलंच जुनं. पहिलवान बारा हजार शंभर. मास्तर जीव तोडून पळाला तरी अकरा हजार चारशे. आता दोघांना एकत्र चालवायचं. फेरे सारखे नसले की आवाजात लाट येते, व्हांव, व्हांव, व्हांव, आणि फरक कमी होत गेला की ती लाट लांबत लांबत जाते. अशा वेळी हात आपोआप जातो तो मास्तराच्या सुईकडे, आवळायला. मागे पडलेल्याला ओढून पुढच्याच्या बरोबरीने आणायला. दोनदा माझा हात तिकडे गेला आणि दोनदा मी तो माझ्याच खिशात घातला. या वेळी सगळं उलटं केलं. आधी मास्तराला विचारलं, तुला किती झेपतंय ते सांग. त्याची सुई सैल करत त्याला अकरा हजारावर आणलं, जिथे तो धूर सोडत निवांत चालतो. आणि मग पहिलवानाला खाली आणायला घेतलं. तो कुरकुरला, फुरफुरला, माझ्या तोंडावर तेल उडवलं, पण आला!

माझे कान आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. उजव्या कानात यंत्र घालतो आणि इंजिनं सुरू करायची म्हटली की ते काढून खिशात ठेवतो, नाहीतर डोक्यात शिट्टी वाजते. पण त्यामुळे एक गंमत सापडली. पंखाच्या मधोमध तळहात टेकवला की ती लाट हाताला कळते. बुधवारी सकाळी मी असाच हात टेकवून उभा होतो. पहिलवानाचा एक खटका सैल, लाट लांबली. आणखी एक खटका, आणखी लांबली. मग अर्धा खटका, म्हणजे नुसतं बोट दाबून ठेवलं, आणि हाताखालचा पंख एकदम शांत झाला. थरथर होती, पण एकसारखी, मांजर मांडीवर घुरघुरावं तशी. फेरे मोजायचं यंत्र धरून बघितलं. अकरा हजार आणि अकरा हजार. अगं, मला ओरडावंसं वाटत होतं आणि मी ओरडलोही, फक्त माझं मलाच ऐकू आलं नाही. हिला आलं.

पण मी नुसत्या आकड्यावर भुललो नाही. गुरुवारी डॉक्टरला दवाखाना उघडायच्या आधी बोलावून घेतलं. आधी तेलाची नळी चिमटीत क्षणभर दाबून बघितली, इंजिन किंचित चढलं, म्हणजे तेल पुरेसं आहे. मग डॉक्टरने अख्खं विमान दोन्ही हातांनी उचलून त्याचं नाक आभाळाकडे केलं. वर चढताना टाकीतलं तेल इंजिनापर्यंत पोचायला जड जातं. जमिनीवर ऐटीत चालणारं इंजिन तिथेच उताणं पडतं. पूर्ण जोर, दोन्ही इंजिनं, नाक वर, आणि मी मोजतोय. दहा झाले. वीस झाले. डॉक्टर सांगत होता की त्याचे हात भरून आलेत आणि त्याला अजून तीन दात काढायचेत. मी त्याला तीसपर्यंत सोडलं नाही. मास्तर हलला नाही. चाळीसला डॉक्टरने स्वतःच खाली ठेवलं आणि मग आम्ही दोघंही पायरीवर बसून हसत सुटलो. माझा जीव भांड्यात पडला.

आणि परवाचा रविवार! मैदानावर ते नुसतं जमिनीवर पळवायला नेलं होतं. सगळे आपापली विमानं सोडून गोळा झाले. डॉक्टर रिमोटच्या काड्यांवर, मी शेपटीपाशी. हात सोडला आणि ते निघालं, सरळ, दोरी धरल्यासारखं, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. अर्ध्या धावपट्टीवर शेपटी आपोआप उचलली गेली. आणखी दहा पावलं आणि ते उठलंच असतं. डॉक्टरने जोर काढला, वळवून परत आणलं, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्याचे डोळे मी ओळखले. तो विचारत होता, उडवू का? मागून सगळे म्हणायला लागले, उडवा, उडवा, हवा किती छान आहे. आणि मी पुढे होऊन दोन्ही इंजिनं बंद केली. म्हटलं, आधी एक सांगायचंय.

काय सांगायचं होतं ते आता तुला लिहायचंय, आणि हे बघ, इथवर किती भरभर लिहिलं मी.

तो सहा वर्षांपूर्वीचा रविवार. मैदानावर पोचल्यावर लक्षात आलं, की फेरे मोजायच्या यंत्राचा सेल मेलाय. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रींना यंत्र कशाला हवं, त्यांना कान आहेत. ते खोटं नव्हतं. कपड्यांच्या कारखान्यात साठ शिलाई मशीनं एकदम चालू असताना मी दारातून सांगायचो, की तिसऱ्या रांगेतलं शेवटचं मशीन कोरडं चाललंय, तेल घाला. चाळीस वर्षं तेच केलं. तर मी ऐटीत पंखाच्या मागे बसलो, डोळे मिटले, आणि लाट ऐकत ऐकत मास्तराची सुई आवळली. एक खटका. लाट लांबली. आणखी एक खटका. लाट गेली, दोन्ही एका आवाजात गायला लागली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. तू माझ्याकडे बघून अंगठा दाखवलास, तेही आठवतंय.

मग तू ते उडवलंस. धावलं, उठलं, चढायला लागलं, चार-पाच सेकंद कसं सुरेख चढलं. आणि उजवा पंख पडला, विमान उजवीकडे उलथलं आणि गिरक्या घेत खाली आलं. लोकांना दिसलं ते एवढंच, की वेग नसताना विमान उजवीकडे वळलं. त्यामुळे निकाल तिथल्या तिथे लागला, की चढत्या विमानाला घाईने वळवलं. आणि आमचे चिरंजीव सगळ्यांदेखत म्हणाले, “हिच्या हातात काही टिकतच नाही.” दोघंतिघं हसले. तू रिमोटचा काड्यांचा डबा माझ्या हातात दिलास आणि गाडीत जाऊन बसलीस. मी मूग गिळून तुकडे गोळा करत राहिलो.

एक इंजिन हवेत बंद पडलं, तर उडवणाऱ्याने काही न करताही विमान त्या बाजूला उलथतं. त्यावर उपाय एकच, चालू इंजिनाचा जोर त्याच क्षणी काढून घ्यायचा. आता ऐक. तुकडे घेऊन घरी आलो आणि त्याच संध्याकाळी जिन्याखाली बसून सगळं खोललं. जोर कमीजास्त करणारी पहिलवानाची झडप पूर्ण मिटलेली होती, तार तशीच जोडलेली. म्हणजे तू जे करायला हवं होतं ते केलं होतंस, डोळ्याचं पातं लवायच्या आत केलं होतंस. फक्त विमान तेव्हा फार खाली होतं, कुणालाही सावरलं नसतं. आणि मास्तराचं पिस्टन उभे चरे पडून काळंनिळं झालेलं, तेलावाचून तापून अडकलेलं. जमिनीवर मिनिटभर त्याने माझ्यासाठी कळ काढली. वर चढताना त्याच्यात तेवढं नव्हतं. ते दोन खटके माझ्या बोटांचे होते. आणि खरं सांगू, पिस्टन बघायचीही गरज नव्हती. विमान हवेत असताना तू म्हणाली होतीस, “उजवं गेलं.” पलीकडे कुणाचं तरी इंजिन चालू होतं, बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. मी तुझ्या खांद्याला खांदा लावून उभा होतो, आणि माझे कान तेव्हा शाबूत होते.

मग बोललो का नाही? पाच मिनिटांपूर्वी ज्या कानांसाठी टाळ्या मिळाल्या होत्या, त्यांनीच घात केला हे सांगायची लाज वाटली. एवढंच आहे ते, याहून मोठं कारण शोधून सापडत नाही. म्हटलं पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तू आली नाहीस, त्याच्या पुढच्याही नाहीस. मग घरात तुमचं दोघांचं बिनसलेलं दिसायला लागलं, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की यांच्या भानगडी मोठ्या आहेत, त्यात इंजिनाचं काय काढायचं. सोयीचंच होतं ते मला. तुमचा संसार एका विमानापायी मोडला असं मी म्हणत नाही, तेवढा खुळा मी नाही. पण त्यानंतर घरात दूध उतू गेलं, कप फुटला, भाजी लागली, की चिरंजीव मैदानावरचं तेच वाक्य म्हणायचे. आणि मी ताटात बघून जेवायचो.

परवा मैदानावर हे सगळं सांगितलं. सुई, खटके, झडप, सगळं. तेव्हा हसलेल्यांपैकी दोघं तिथे होते. एकाने टोपी काढून पुन्हा घातली. संध्याकाळी चिरंजीव जेवायला आले होते, त्यांनाही सांगितलं. घास हातातच राहिला त्याच्या. मग उठून तुमच्या त्या खोलीत गेला आणि बराच वेळ विमानापाशी उभा राहिला. परत येऊन म्हणाला, की आता मी काय करायचं. मी म्हटलं, तुझं तू बघ, माझं मी बघतो. ही ताटं उचलत होती, ती एवढंच म्हणाली, की दोघांनाही सहा वर्षं लागली. तिचं तुझ्याशी फोनवर बोलणं होतं हे मला माहीत आहे, फोन आला की ती गच्चीवर जाते. पण हे तिने तुला सांगितलेलं नाही. म्हणाली, हे माझं काम नाही.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. परवा मैदानावर माझं सांगून झालं, मला वाटलं मी मोठा पराक्रम केला, आणि डॉक्टर हळूच म्हणाला, “त्यांना सांगितलंत का?” सगळ्या जगाला सांगितलं आणि जिने विचारलं होतं ती राहिली. कारण तू विचारलं होतंस. तू निघालीस त्या सकाळी टेम्पो भरून झाला, ही आत रडत होती, आणि तू दारात थांबून मला म्हणालीस, “बाबा, मी विमान वळवलं नव्हतं.” बाकी इतकं काय काय घडलं होतं, त्यातलं काहीच नाही काढलंस, फक्त हे. आणि मी म्हणालो, जाऊ दे, झालं ते झालं. तू चपला घातल्यास आणि गेलीस. रविवारी आलीस तर मला किती आनंद होईल ते लिहायला मला शब्द नाहीत. नाही आलीस तर डॉक्टर उडवेल, आणि मी तुला दोष देणार नाही. उत्तर मात्र त्याच्यावर अवलंबून नाही, ते आज घे. नाही वळवलंस, पोरी. तू सगळं बरोबर केलं होतंस. आणि तू दारात उभी राहून सांगत होतीस, तेव्हा मला ते माहीत होतं.

तुझाच,
मिस्त्री